व्होल्ट, अँपिअर आणि आपली मीटर रूम

(सोसायटीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आरती झाली, प्रसाद झाला, आता विजेचा विषय म्हटल्यावर काहींना झोप येणार याची मला कल्पना आहे. म्हणून गणित फक्त गुणाकार-भागाकाराचं ठेवतो.

घरात वीज येते 230 व्होल्टची. हा झाला दाब, गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला येतो तसा. तारेतून वाहणारा करंट अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, शक्ती. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, रोध. हा ओहम जर्मनीतला शाळामास्तर, त्याचं पुस्तक 1827 सालचं. झालं, थिअरी संपली.

आता गिझर घ्या. त्यावर 2000 वॅट लिहिलेलं असतं. भागिले 230 केलं की 8.7 अँपिअर येतात, आणि रोध निघतो सुमारे 26.4 ओहम. हा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे दाब 207 वर उतरला की करंटही उतरतो, 7.8 होतो, आणि शक्ती राहते 1620 वॅटच्या आसपास. दाब दहा टक्क्यांनी कमी, पण उष्णता जवळजवळ वीस टक्क्यांनी! "गिझर बिघडला का हो?" असं विचारणाऱ्यांनी आधी व्होल्टेज बघावं. (एसी, फ्रिज, पंखा यांच्यात पॉवर फॅक्टर मधे येतो, तिथे हा गुणाकार अंदाजापुरताच.)

छोट्या सॉकेटवर 6 अँपिअर लिहिलेलं असतं. सहा गुणिले 230 म्हणजे 1380 वॅट. त्यात मल्टिप्लग लावून इस्त्री आणि किटली एकदम चालवणाऱ्यांनी हा हिशेब घरी जाऊन जरूर करावा.

पण मला खरं बोलायचंय ते सैल स्क्रूबद्दल. पंचवीस वर्षांत तारा तापून-निवून जोडण्या ढिल्या होतात, गंज धरतात. समजा, एका जोडणीत फक्त अर्धा ओहम रोध तयार झाला. गिझर चालू असताना त्यातून साडेआठ अँपिअर जातात. साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा म्हणजे 36 वॅट. सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता, एका स्क्रूवर! जोडीला एसी लागला आणि करंट दुप्पट, 17 अँपिअर झाला, तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, 144 वॅट.

"पण एमसीबी आहे ना?" आहे. एमसीबी पडतो जास्त करंटला. इथे करंट वाढतच नाही, रोधामुळे उलट किंचित घटतो. एमसीबीला सगळं ठीकच वाटतं आणि आत प्लास्टिक वितळत असतं.

आपली इमारत झाली तेव्हा एका मजल्यावर एखादा एसी असायचा. आज एकेका घरात दोन-तीन आहेत. मेन केबल, कटआऊट, बसबार सगळं तेव्हाचंच. मीटर रूमच्या दुरुस्तीचा विषय सर्वसाधारण सभेत पुढे ढकलला जातो, कारण रंगकाम दिसतं आणि हे दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे, या वर्षी आधी मीटर रूम, मग रंग.

तोवर घरी एवढं बघा: प्लग हाताला गरम लागतो का, स्विचबोर्ड पिवळा पडलाय का, जळका वास येतो का. यातलं काही असेल तर तो पॉइंट बंद ठेवा आणि लायसनवाल्या वायरमनलाच बोलवा. त्याला टाँग टेस्टर आणायला सांगा, आणि तो फक्त फेजच्या तारेभोवती लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर आकडा शून्य येतो.

आता प्रश्न विचारा. जिन्यातल्या दिव्याचा मात्र नको, तो सेक्रेटरींना विचारा.