आईचा तंबोरा आणि माझे ड्रॉइंग

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वसाहतीत कोणालाही बोलायला उभे केले, की पाच मिनिटांत गाडी रूळ, बोगी आणि ब्रेकवर येते. मीही त्याच गावचा. १९५७ साली सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि लखनौचे रेल्वे टेस्टिंग अँड रिसर्च सेंटर एकत्र होऊन आपली आरडीएसओ झाली. त्या संस्थेत मी उभी हयात ड्रॉइंगवर सह्या करण्यात घालवली. वस्तूचे माप पक्के असले की वस्तू पक्की, हा आपला धर्म. आज मात्र मी माझे माप चुकले त्याची गोष्ट सांगणार आहे.

वडील गेल्यावर आई कायमची लखनौला आली, ती एक ट्रंक आणि एक तंबोरा घेऊन. तंबोरा मिरजेचा, तिच्या लग्नात आजोबांनी दिलेला. रोज पहाटे ती अर्धा तास षड्ज लावून बसे. इथल्या शेजाऱ्यांनाही त्याची सवय झाली होती. पुढे आम्हाला मोठे क्वार्टर मिळाले. सामान हलवताना ट्रकमध्ये मीच तंबोरा आडवा ठेवला आणि त्याला टेकवून ट्रंक लावली. वळणावर ट्रंक सरकली. भोपळा वरपासून खालपर्यंत तडकला, दांडीचा सांधाही सुटला. आई एवढेच म्हणाली, "असू दे. जुनाच झाला होता." पण दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा षड्ज बंद झाला.

मी बाजारातून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. तिने चार दिवस लावला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "सुरात आहे रे, पण माझ्या हाताला काही कामच नाही."

तेव्हा ठरवले, याची हुबेहूब प्रतिकृती करून घ्यायची. असे काम जगात चालते हे वाचले होते. व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या स्ट्राडिव्हारीने गिटारही बनवल्या. त्याची १६८८ सालची गिटार ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. तारांच्या पाच जोड्यांच्या अशा जुन्या गिटारची मापे घेऊन आजचे कारागीर तशीच नवी गिटार हाताने घडवतात. मग आपण का मागे राहा? व्हर्नियर कॅलिपर घेऊन मी भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, घोडीचा उतार अशी सगळी मापे घेतली. तीन बाजूंनी ड्रॉइंग काढले, टॉलरन्ससुद्धा लिहिले! तुटका तंबोरा चादरीत गुंडाळून, पुण्याला गाडी बदलून, मी मिरजेला पोहोचलो.

एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही गेज असलेले मिरज जंक्शन आपल्याला ठाऊक आहे. पण मिरजेची खरी ओळख सतारमेकर गल्लीत आहे. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे लोक. लढाया संपल्या, धंदा बसला. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यदुरुस्तीतून वाद्ये घडवण्याचे काम सुरू केले. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांना स्वतःलाही वाद्यदुरुस्तीची उत्तम जाण होती. आपण रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावे, की १९३७ च्या ऑक्टोबरात प्रवासात बरे वाटेना म्हणून ते मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे.

गल्लीतल्या एका वयस्क कारागिरांपुढे मी माझे ड्रॉइंग पसरले. त्यांनी ते आदराने पाहिले, घडी घातली आणि विचारले, "साहेब, गाणाऱ्या बाईंची पट्टी कुठली?"

मी गप्प. चाळीस वर्षे त्या आवाजावर वाढलो, पण आईची पट्टी कोणती हे कधी विचारलेच नव्हते! एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आई हसली. म्हणाली, "पूर्वी काळी पाच होती. आता पांढरी पाचवर आले रे. वय झालं."

मी ती मापे घेतली होती वीस वर्षांच्या मुलीच्या आवाजासाठी केलेल्या तंबोऱ्याची. त्या मापाचा तंबोरा बिनचूक झाला असता आणि आईच्या कामाचा झाला नसता. कारागीर म्हणाले, "सूर खाली आला, तर दांडी दोन बोटं वाढवू. भोपळाही जरा मोठा घेऊ." माळ्यावरचे चार भोपळे त्यांनी बोटाने वाजवून पाहिले आणि एक निवडला. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, उन्हात वाळून टणक होतात. दांडीला तून जातीचे लाकूड घेतले. आईच्या जुन्या खुंट्या आणि मणी तेवढे नव्यात बसवायचे ठरले.

काही महिन्यांनी तंबोरा आणायला गेलो, तेव्हा जवारी चालली होती. घोडीचा पृष्ठभाग कानसेने कणाकणाने घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचे. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवायचा. एका जागी तो आला, की तार एकदम गुंजू लागते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिले. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे निष्पंद बिंदू असलेले उपस्वर नियमाप्रमाणे गप्प राहायला हवेत, पण तंबोऱ्यात तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण ती रुंद घोडी. त्या धाग्याची जागा माझ्या कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नव्हती. ती कानानेच सापडते.

येताना तंबोऱ्यासाठी वेगळा बर्थ राखून ठेवला होता. टीसी साहेबांनी विचारले, "यह पैसेंजर कौन हैं?" मी म्हणालो, "माताजी के साथी हैं."

आईने तंबोरा मांडीवर घेतला, पंचम लावला, जोड मिळवली, खर्ज छेडला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुला कसं रे कळलं, माझा आवाज उतरलाय ते?" मी खरे सांगितले, "मला नाही कळलं. मिरजेत विचारलं त्यांनी." पुढची सहा वर्षे आमच्या घरात पहाटेचा षड्ज होता.

आई आता नाही. आज मुलींनी नांदी म्हटली, तेव्हा मागे वाजत होता तो हाच तंबोरा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. पण मानांकनाने वाद्य वाजत नाही, त्याला वाजवणारा हात लागतो. आपल्या याच लखनौत १९२६ साली पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी संगीत महाविद्यालय उभे केले, तेही मुंबईहून येऊन. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी, तंबोरा पडून असेल, त्यांनी तो खाली काढावा. आणि घरात गाणारी आई, आजी असेल, तर आज रात्रीच तिला पट्टी विचारावी. मला ती विचारायला फार उशीर झाला होता.

गणपती बाप्पा मोरया!