सुट्टीनंतरचा ताप
(कोळवण येथे बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)

बायांच्या बैठकीत वेल्डिंगचा विषय कशाला, असं मघाशी एकीनं विचारलं. माझा नवरा पिरंगुटकडच्या एका शेडमध्ये वेल्डर आहे. सुट्टीनंतर कामावर गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा. एका दिवसात अंग मोकळं. डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या देत राहिले. काम काय करता, हे त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. तो गॅल्व्हनाइझचे पाइप जोडत होता. जस्ताचा मुलामा जळून पांढरा धूर निघतो, त्याचा तो ताप. रोजच्या धुराची शरीराला सवय होते, सुट्टीत ती मोडते.

हा ताप उतरतो. पण वेल्डिंगच्या धुरानं फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली ठरवलं आहे.

आपण काय करतो? गूळ देतो, दूध देतो. (द्या, अंगाला लागेल. धूर नाही अडणार.) रुमाल बांधून देतो, त्यातूनही तो बारीक धूर आत जातोच. जोडापाशीच धूर ओढून घेणारा पंखा हवा, आणि तो मालकानं लावायचा. आम्ही चौघी मागायला गेलो. मालक म्हणाला, कामगार गप्प आहेत, तुम्ही कशा आलात? कामगार बोलला तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो, म्हणून आलो.

दवाखान्यात केसपेपरवर लिहून घ्या : वेल्डर, किती वर्षं, कोणता धातू. भरपाई मागताना तो कागद लागेल.

पंखा अजून लागलेला नाही. शुक्रवारी सकाळी पुन्हा जाणार आहोत. येणाऱ्यांनी आत्ताच नावं द्या.