प्रायोजकाचा पैसा आणि कर्मचाऱ्यांचा व्यायाम

एखादे उद्योगगृह आपल्या नावाच्या प्रसिद्धीच्या मोबदल्यात स्पर्धेचा, संघाचा किंवा खेळाडूचा खर्च उचलते, तेव्हा त्या व्यवहारास क्रीडा-प्रायोजकत्व म्हणतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनला प्रारंभी स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचे आणि २०१८ पासून टाटांचे नाव लागले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा शर्यतींत कंपन्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचेही गट उतरवतात, आणि त्यामुळे प्रायोजकत्वावर पैसा खर्च झाला की कर्मचारी आपोआप व्यायामाला लागतील, असा समज पसरतो.

कायदा मात्र या गोष्टी वेगवेगळ्या मानतो. कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी, म्हणजेच सीएसआरसाठी, खर्चावी लागते. ग्रामीण व ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण या खर्चात धरले जाते. परंतु मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा उपक्रम त्यात बसत नाही. तात्पर्य, कर्मचाऱ्यांच्या व्यायामाची तरतूद आस्थापनेने स्वतंत्रपणेच केली पाहिजे.

ती कशी करावी, याचा धडा वऱ्हाडातच उपलब्ध आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. त्या कीर्तीमागे आखाड्याची रोजची शिस्त होती. आखाड्यात मल्लखांबाला एरंडेल लावण्यापासून नवशिक्याला उडी चुकताच सावरण्यापर्यंतची कामे परस्परांच्या सोबतीने होतात, आणि कोणाचा खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस होते.

अशी सोबतीची ओढ आणि बक्षिसाची ओढ यांत फरक आहे. मानसशास्त्रात बक्षिसासाठी केलेल्या कृतीमागील ओढीला बाह्य प्रेरणा आणि त्या कृतीच्याच गोडीतून येणाऱ्या ओढीला आंतरिक प्रेरणा म्हणतात. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोडी सोडविण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांची त्या कोड्यांतील स्वाभाविक रुची पैसे बंद झाल्यावर घटल्याचे आढळले. कार्यालयांतील पावले मोजण्याच्या स्पर्धांचे फलितही यावरून ओळखता येते, कारण मुळातच चालणारा बक्षीस नेतो आणि खुर्चीत बसणारा पुन्हा खुर्चीतच बसतो.

शिवाय सर्व कर्मचाऱ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये दिवसभर कट्टे वाहणाऱ्या हमालास व्यायामाचा उपदेश करण्यापेक्षा विश्रांती, थंड पाणी आणि पाठीवरील भार हलका करणारी साधने देणे अधिक युक्त ठरते, तर त्याच मिलच्या कार्यालयात हिशेब लिहिणाऱ्या कारकुनास जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेला आठवड्याचा किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हवा असतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या प्रदेशात तो सकाळीच उरकावा लागतो. म्हणून कामावर येण्याच्या वेळेत अर्ध्या तासाची सवलत, जवळच्या आखाड्याशी किंवा मैदानाशी करार आणि सोबतीला सहकाऱ्यांचा लहान गट एवढी व्यवस्था आस्थापनेने करावी. तिला येणारा खर्च प्रायोजकत्वापेक्षा बराच कमी असला, तरी व्यवस्थापनाला त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देण्याची हीच तयारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याविषयीच्या आस्थेची खरी कसोटी होय.