राजा सर दिनकरराव राजवाडे : एका कारभाऱ्याची कसोटी



आग्रा-मुंबई मार्गावरील आपले हे मानपूर १८६० सालच्या तहाने इंग्रजांकडे गेले. तोवर हा परगणा शिंदेशाहीत होता. त्या शिंदेशाहीची विस्कटलेली घडी बसविणाऱ्या राजा सर दिनकरराव राजवाडे यांचे आज स्मरण करावयाचे आहे.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, पूर्वजांप्रमाणेच, ते ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत शिरले. पुढे एका प्रांताचा कारभार हाती येताच त्यांनी तेथील महसूल व पोलीस खात्यांना शिस्त लावली. १८५१-५२ च्या सुमारास ते दिवाण झाले. १८४३ सालच्या महाराजपूर व पनिहार येथील पराभवांनंतर राज्याचा खजिना रिता झाला होता आणि फौज बेबंद झाली होती. दिनकररावांनी रयतेला नाडणारे कर रद्द केले, लोकोपयोगी बांधकामे काढली आणि पगारांत काटछाट केली. त्या काटछाटीतून त्यांनी स्वतःचे वेतनही वगळले नाही. तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली.

मग १८५७ साल उजाडले. दिनकरराव इंग्रजांच्या बाजूस राहिले. जून १८५८ मध्ये तात्या टोपे ग्वाल्हेरवर चालून आले, दरबारची फौज त्यांना मिळाली आणि महाराज जयाजीराव व दिवाण यांना आग्र्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. ज्या ग्वाल्हेरच्या रणात झाशीच्या राणीने देह ठेवला, तेथील दिवाणाची ही निष्ठा आपल्या मनाला आजही बोचते. ती झाकण्याचे कारण नाही.

१८६२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्रथमच तीन हिंदी सभासद नेमले गेले. त्यांत दिनकरराव एक होते. परंतु त्यांची खरी कसोटी १८७५ साली लागली. इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग करविल्याच्या आरोपावरून बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. आयोगात तीन इंग्रज, तर हिंदी बाजूने जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव होते. इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला; हिंदी सभासदांनी मानला नाही. सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन गायकवाडांना पदच्युत केलेच.

ज्या सत्तेने मानमरातब दिला, तिला हवा असलेला निर्णय दिनकररावांनी दिला नाही. ९ जानेवारी १८९६ रोजी ते निवर्तले. त्यांना केवळ राजनिष्ठ म्हणून दूर सारणे किंवा केवळ थोर म्हणून पूजणे, दोन्ही सोपे आहे. १८५८ आणि १८७५ ही दोन्ही पाने एकत्र वाचणे हेच अवघड. ग्रंथालयाच्या सभासदांनी अवघड वाचन टाळू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.