पापणीची पुनर्रचना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



पापणी म्हणजे नुसते कातड्याचे झाकण, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती दुपदरी आहे. बाहेर त्वचा व स्नायू, आत टणक पट्टी व ओलसर अस्तर. दोन्ही पदर भरून न निघाल्यास बुबुळास इजा पोहोचते.

गाठ काढताना पापणीचा पाव हिस्सा गेला, तर कडा जुळवून शिवता येतात. वृद्धांची कातडी सैल, म्हणून थोडे अधिकही साधते. खालची पापणी अर्ध्याहून अधिक गेल्यास वेंडेल ह्यूजेस यांनी १९३७ साली वर्णिलेली युक्ती कामी येते. वरच्या पापणीचे अस्तर पट्टीसह खाली ओढून खिंडार भरतात, त्यावर त्वचेचे कलम बसवितात आणि काही आठवड्यांनी मधला दुवा कापून डोळा उघडतात. वरच्या कडेची चारेक मिलिमीटर पट्टी मात्र शाबूत ठेवावी लागते. नाही तर एकीचे भरताना दुसरी वाकडी व्हायची! लहान मुलांचा डोळा इतके दिवस झाकल्यास दृष्टी मंद राहण्याचे भय असते.

आमच्या नात्यातील एका काकूंनी ‘रांजणवाडीच ती’ म्हणून वर्षभर शेक घेतला. दोनदा चिरूनही गाठ त्याच जागी आली. तुकडा तपासणीस कोणी धाडलाच नव्हता. अखेर तो तैलग्रंथींचा कर्करोग निघाला. उतारवयात पुन्हापुन्हा उठणारी रांजणवाडी म्हणूनच तपासून घ्यावी.

काकूंच्या त्या पापणीला आता केस नाहीत. पण सुईत दोरा त्या स्वतः ओवतात.