डॉक्टरही एकमेकांकडून शिकतात



गटाच्या वहीत हिशेब जुळेना झाला, की आपण काय करतो? शेजारच्या गटातल्या जाणत्या ताईला बोलावतो. ती शेजारी बसून दाखवते आणि आपल्याला पटतं, कारण त्या अडचणीतून ती स्वतः गेलेली असते. डॉक्टरांचंही तसंच आहे.

डॉक्टरकी एकदा शिकून संपत नाही. औषधं बदलतात, उपचार बदलतात. म्हणून आपल्या महाराष्ट्रात डॉक्टरांना दर 5 वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. पण नुसतं भाषण ऐकून किती उमगणार?

अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे. गावं लांब लांब, डॉक्टर थोडे. हेपॅटायटिस सी या लिव्हरच्या आजारावर उपचार हवे, तर विद्यापीठाच्या दवाखान्यात नंबर लागायला आठ-आठ महिने जायचे. तिथले डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. पेशंटला शहरात आणण्याऐवजी त्यांनी ज्ञान गावाकडे नेलं. ठरलेल्या दिवशी गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवर जमायचे. एकेक जण आपला पेशंट मांडायचा, नाव न सांगता. तज्ज्ञ सल्ला द्यायचे आणि गावातले डॉक्टरही आपला अनुभव एकमेकांना सांगायचे.

उपयोग झाला का? 407 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला. विद्यापीठात शंभरातले साधारण 58 बरे झाले. गावांतल्या आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांतही जवळपास तेवढेच!

मैत्रिणींनो, हे आपल्या कामाचं आहे. “जिल्ह्याला जा” म्हटलं, की आपली मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, लेकरं शेजारणीकडे ठेवावी लागतात. मग “बघू पुढच्या महिन्यात” म्हणत दुखणं अंगावर काढतो. गंभीर आजाराला मोठा दवाखाना लागतोच, तिथे चालढकल नको. पण जे गावाजवळ होऊ शकतं, ते तिथेच व्हावं.

म्हणून डॉक्टरांनी “दुसऱ्या डॉक्टरांना विचारून सांगतो” म्हटलं, तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. विचारणारा डॉक्टर शिकणारा असतो. आणि गावच्या आरोग्य समितीत आपल्यापैकी जी असेल, तिने एवढं जरूर विचारावं: आपल्या डॉक्टरांना अशा बैठकीला बसायला वेळ आणि इंटरनेट मिळतं का?

आम्ही आमच्या समितीत विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.