ख्रिस्ती कॉलेजांतील विद्यार्थीवर्ग : आपलीं मुलें व शेजाऱ्यांचीं मुलें
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गोड बोलावें, अशी रीत आहे. परंतु घरोघरीं आशीर्वाद देत फिरत असतां ह्या वर्षीं एक तक्रार आमच्या कानीं वारंवार आली, व तिचें उत्तर आज न दिलें तर तें राहूनच जाईल. ‘फादर, कॉलेज आपलें, आणि बाकांवर मुलें मात्र इतरांचीं, हें कसें?’ ही ती तक्रार होय.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. खुद्द विद्यापीठच ख्रिस्ती, अशीं उदाहरणें आपल्या देशांत थोडीं. पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठास २०१४ सालीं राज्याच्या कायद्यानें तो दर्जा मिळाला. एरव्हीं कॉलेज ख्रिस्ती व विद्यापीठ सर्वांचें, अशीच व्यवस्था असते. आपल्या नागपुरांत हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें. सेमिनरी हिल्सवरील आपलें सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज १९५६ सालीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्रांत शंभर माणसांमागें ख्रिस्ती सरासरीनें एकच. केवळ आपल्याच मुलांवर कॉलेज चालवावयाचें म्हटलें, तर शिक्षकांस रिकाम्या बाकांपुढें व्याख्यान द्यावें लागेल!

म्हणून आपल्या वर्गांत हिंदु, बौद्ध व मुसलमान मुलें ख्रिस्ती मुलांच्या शेजारीं बसतात. कित्येकांच्या घरांत कॉलेजची पायरी चढणारें तेंच पहिलें माणूस असतें. १९५६ सालच्या १४ ऑक्टोबर रोजीं डॉ. आंबेडकरांनीं ह्याच शहरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आपलें कॉलेजहि त्याच वर्षाचें. शिक्षण हेंच उद्धाराचें साधन असें ज्या घरांनीं त्यांच्याकडून ऐकिलें, त्यांचीं मुलें आपल्या दारीं येणें हा आपला बहुमान आहे.

हें सर्व नाइलाजानें घडलें, असेंहि नव्हे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले व त्यांनीं येथें शाळा घातली. १८६३ च्या ४ सप्टेंबर रोजीं, आपल्या मिहानच्या दक्षिणेस टाकळघाटाजवळ, ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. ते आपल्या पंथाचे नव्हते. तरी त्यांच्या नांवाच्या कॉलेजांत कोण शिकलें हें ध्यानीं घ्या. १९४० सालीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक झालेले श्री. माधव सदाशिव गोळवलकर हेहि तेथले विद्यार्थी. ख्रिस्ती कॉलेज म्हणजे एकाच आकाराच्या विटा पाडण्याचा साचा नव्हे. आपल्या राज्यघटनेनें तिसाव्या कलमांत अल्पसंख्याकांस शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या कलमान्वयें सरकारी साह्य घेणाऱ्या संस्थेंत कोणासहि संमतीवांचून धर्मशिक्षण देतां येत नाहीं. संत पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनींहि १९९० सालीं कॅथॉलिक विद्यापीठांविषयीं नियम घालून देतांना प्रत्येकाच्या विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य पूर्णपणें राखण्यास सांगितलें आहे.

मग खरी काळजी कोणती? ती आपल्याच मुलांची. राखीव जागेच्या आधारें, बाप्तिस्म्याचा दाखला पुढें करून, एखादा मुलगा कॉलेजांत शिरतो आणि वर्षभर उपहारगृहांत बसतो. त्याच वर्गांत दूरच्या खेड्यांतून पहांटेची एस. टी. धरून आलेली मुलगी पहिल्या बाकावर बसलेली असते. तिनें बायबल उघडलेलें नसतें; ख्रिस्ताची जी ओळख तिला व्हावयाची, ती ह्या मुलाच्या वागणुकीवरूनच. तेव्हां आईबापहो, जागा मिळवून दिली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें समजूं नका.

आणखी एक गोष्ट. येथील एम्सचा पहिला वर्ग २०१८ सालीं भरला, आय. आय. एम. ची नवी वास्तु २०२२ सालीं उभी राहिली. ह्या संस्था ख्रिस्ती नव्हेत. तेथें आपलींच मुलें मूठभर व पाहुणीं आहेत. परप्रांतांतून आलेलें असें एखादें मूल रविवारीं मिस्सेस येतें, शेवटच्या बाकावर बसतें, आणि कोणाशीं एक शब्दहि न बोलतां वसतिगृहाकडे परततें. दुसऱ्यांच्या विद्यालयांत आपल्या मुलांस जो जिव्हाळा मिळावा असें आपणांस वाटतें, तोच आपल्या विद्यालयांत दुसऱ्यांच्या मुलांस द्यावयास नको काय?

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. प्रत्येक कुटुंबानें महिन्यांतून एका रविवारीं एका परगांवच्या विद्यार्थ्यास घरीं जेवावयास न्यावें. आणि ज्युबिलीच्या निधींतून जी शिल्लक राहील, ती मंदिराच्या रंगरंगोटीस न लावितां गरीब विद्यार्थ्यांच्या फीस लावावी. त्यांतहि अर्धा वांटा शेजाऱ्यांच्या मुलांस द्यावा. ही दुसरी विनंति कांहींस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु माझा शेजारी कोण, असें एकानें प्रभूस विचारिलें, तेव्हां प्रभूनें जातभाईचें नांव न घेतां शोमरोन्याची गोष्ट सांगितली, हें आपण विसरूं नये.

निधीच्या सभेंत हा ठराव येईल त्या वेळीं आपण ह्याचा विचार करावा, एवढेंच मागून आम्ही आपली रजा घेतों. प्रभु आपणां सर्वांचें व आपल्या शेजाऱ्यांच्या लेंकरांचें कल्याण करो.